ताई, सुकल्यावर खुलेल

घर रंगवायला काढलंय? छान. रंग निवडणं हे अगदी सोपं काम आहे, हे मी गेल्या महिन्यात स्वतःच्या घरावर सिद्ध करून दाखवलं. तेव्हा चार युक्तीच्या गोष्टी तुम्हालाही सांगते.

पहिलं म्हणजे, रंग बघू नका. नाव वाचा. शेड कार्डावर नखाएवढे हजारभर चौकोन असतात, ते बघून डोळे दुखतात. त्यापेक्षा दुकानातल्या ट्यूबलाइटखाली, मागे चार गिऱ्हाइकं खोळंबलेली असताना, उभ्याउभ्या ज्याचं नाव आवडेल ते सांगून मोकळं व्हा. मी 'पहाटेचं धुकं' घेतलं. राखाडी. इतक्या कवी मनाचा रंग भिंतीवर जाऊन जांभळा कशाला होईल?

झाला. सकाळी खिडकीच्या उजेडात निळसर, दुपारी बरा, आणि रात्री दिवे लावले की दिवाणखान्याच्या चारही भिंती जांभळट. 'ताई, ओला आहे, सुकल्यावर शेड खुलेल,' पेंटर म्हणाला. सुकला. खुलली. आणखी जांभळी झाली. समोरासमोरच्या भिंती एकमेकींवर आपला रंग टाकत असतात, त्यामुळे चौकोनात जी छटा नुसता संशय असते, ती खोलीभर गुन्हा कबूल करते. हे मला आता कळलंय. पहिल्यांदा पाऊल टाकलं तेव्हा वन्सं दारातच थांबल्या आणि म्हणाल्या, 'वेगळाच आहे गं.' या वाक्याचा अर्थ मी तुम्हाला सांगायला नको.

काही लोक नमुन्याचा छोटा डबा आणतात, दोन फुटी पुठ्ठ्यावर दोन हात मारतात आणि तो पुठ्ठा दोन दिवस या भिंतीला, त्या भिंतीला टेकवून सकाळी, दुपारी, दिव्यात बघत बसतात. रिकामटेकडे असतात असे लोक. तुम्ही मोबाइलवर खोलीचा फोटो टाका आणि बोटाने भिंत रंगवा. स्क्रीन स्वतःच उजेड फेकते, भिंत तसं काही करत नाही, पण एवढ्यातेवढ्याने काय बिघडतं?

फिनिश चकचकीतच घ्या, म्हणजे दिवा लागला की भिंतीवरचा एकेक उंचवटा मोजता येतो.

रंग किती लागेल, ते मोजू नका. दहा बाय बाराची खोली, दहा फूट उंची, म्हणजे भिंती ४४० चौरस फूट. दोन हात म्हणजे ८८०. एका लिटरमध्ये एक हात साधारण ११० चौरस फूट होतो, म्हणजे आठ लिटर, दारं-खिडक्या वजा केल्या तर त्याहूनही कमी. हा हिशेब शाळेतलं पोर करेल, म्हणूनच तो आपण करायचा नाही. पेंटरला विचारा. वीस लिटरची बादली येईल. उरलेल्याचं काय, असा क्षुद्र प्रश्न मनात आणू नका. उरलेला रंग बाहेरच्या भिंतीला मारतात. माझ्याकडे मारला. 'रंग तो रंग, ताई.' अगदी खरं. बाहेरच्या रंगात ऊन सोसणारा, भिंतीबरोबर थोडा ताणला जाणारा बाइंडर, म्हणजे रंग भिंतीला धरून ठेवणारा चिकट भाग असतो, बुरशी आणि शेवाळ रोखणारी औषधं असतात, हे सगळं कंपन्यांनी आपल्याला छळायला काढलेलं आहे. हात फिरवला की पांढरी भुकटी तळव्याला लागते ना? तो मोफत पावडरचा डबा समजा.

बाहेर रंग टिकाऊ नको असेल तर भडक लाल किंवा जांभळा निवडा. गेरू आणि पिवडीच्या जातीतले रंग मात्र कटाक्षाने टाळा. ते लोखंडाच्या ऑक्साइडचे असतात, उन्हाला दाद देत नाहीत. गुहांमधल्या चित्रांत हजारो वर्षं टिकलेत. एवढा टिकला तर पेंटरला पुन्हा कोण बोलावणार? आणि गडद घ्या, गडद. भिंत दिवसभर ऊन पिते आणि रात्री झोपेत तुम्हाला परत करते.

पाणी किती घालायचं ते डब्यावर छापलेलं असतं. ते वाचणं म्हणजे पेंटरचा अपमान.

आता ओल. ओल दिसली की घाबरायचं नाही, झाकायचं. आमच्या दिवाणखान्याच्या एका भिंतीमागे बाथरूम आहे. खाली, टाचेच्या उंचीवर, हाताएवढा काळपट डाग होता. मी म्हटलं, 'दादा, इथे ओल आहे.' तो म्हणाला, 'वॉटरप्रूफ प्रायमर मारतो ना.' मी म्हटलं, पण पाणी मागून येतंय. 'दोन हात जास्त मारतो.' पोपडे खरवडले, त्यावर पुट्टी, पॉलिश पेपरने घासून गुळगुळीत, प्रायमर, आणि वर माझं पहाटेचं धुकं. दिसायला इतकं देखणं की मीच फोटो काढला. आठ दिवसांत त्यावर लिंबाएवढा फुगा आला. बोटाने दाबला तर आत पाणी. फोडला तर मागे पांढरा क्षार, मिठासारखा. पाण्याला बाहेर यायचंच असतं, येताना ते सिमेंटमधले क्षार विरघळवून आणतं, आणि रंगाचा पापुद्रा वाटेत आला की त्याला ढकलून देतं. पाणी मागून ढकलत असेल तर समोरून कितीही हात मारा, ते पुट्टीलाही उखडून टाकतं. फोटो पाठवला. उत्तर आलं, 'ताई, सुकल्यावर बसेल.'

सुकेल कसं? मागे पाइप गळतोय! आणि तुम्हीही हसू नका. तुमच्याही घरी कपाटामागे असा एक डाग आहे, तुम्हाला माहीत आहे, आणि म्हणूनच कपाट तिथे सरकवलंय. शेड कार्डावरून घरात चार दिवस अबोला धरता, आणि प्लॅस्टिकचा एक कागद चारही बाजूंनी चिकटपट्टी लावून भिंतीवर एक रात्र ठेवायला जमत नाही? सकाळी आतून थेंब दिसले तर भिंत ओली आहे. एवढंच आहे ते. नवीन प्लास्टर केलं असेल तर २८ दिवस थांबा, तोवर ओलं सिमेंट रंग खातं. 'आठवडा झाला की मारू' म्हणणाऱ्याला मारू देऊ नका. पहिला आणि दुसरा हात यांत चार तास लिहिलेत तर चार तास; अर्ध्या तासात ब्रश उचलणाऱ्याला शिडीवरून खाली उतरवा. बाहेरच्या भिंतीला बाहेरचाच रंग. आणि सगळे डबे एकाच वेळी मोठ्या बादलीत ओतून ढवळा, नाहीतर एकच शेड दोन डब्यांत दोन रंगांची निघते आणि जोड भिंतीच्या बरोबर मधोमध दिसतो. यातलं काहीच अवघड नाही. मी केलं नाही, म्हणून सांगते आहे.

प्लंबर उद्या येतोय. बाथरूमच्या फरशा फुटणार, मग भिंत वाळेपर्यंत थांबायचं. त्या भिंतीला नंतर कोणता रंग द्यायचा यावरून घरात आजच वाद सुरू झालाय. शेड कार्ड मी माळ्यावर टाकलंय.