‘गेम मोड बंद ठेवा’ म्हणे!

व्हॉट्सअॅपवर सध्या एक फॉरवर्ड फिरतोय. ‘मुलांसाठी गेमिंगचा टीव्ही घेताय? दुकानदार सांगणार नाही ते सात नियम!’ खाली हिरव्या टिका, लाल फुल्या, शेवटी ‘जनहितार्थ’. बऱ्याच ग्रुपांवर मी तो बघून सोडून दिला होता. पण मग तो सांगलीला माझ्या ताईकडे पोचला, आणि ताईने तो जमेल तेवढा पाळला. भाच्याला ओळखीतून जुना पीएस4 (टीव्हीला जोडून खेळायचा सोनीचा गेम कन्सोल) मिळालाय, म्हणून 43 इंची स्वस्तातला टीव्ही घरात आला. सोबत साडेतीन हजारांची ‘गेमिंग केबल’ आली. फॉरवर्डमध्ये दिलेल्या सेटिंग्जही करून झाल्या. आणि मग भाच्याचा फोन: ‘मामा, कंट्रोलर गेलाय बहुतेक. क्रिकेटमध्ये बरोब्बर वेळेला बटण दाबतो, तरी बोल्डच होतो.’

कंट्रोलरला काहीही झालेलं नव्हतं. घोळ पाचव्या नियमाने घातला होता, म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

हा पाचवा नियम असा: ‘गेम मोड कायम बंद ठेवा, त्याने पॅनलवर ताण येऊन टीव्हीचं आयुष्य कमी होतं. त्याऐवजी व्हिव्हिड मोड लावा आणि एमईएमसी फुल ठेवा. गेम एकदम स्मूथ चालतो.’ म्हणजे जे करायला हवं त्याच्या नेमकं उलट, आणि वर ‘जनहितार्थ’!

एमईएमसी काय करतं बघा. टीव्हीकडे सेकंदाला 60 फ्रेम येतात. दोन फ्रेमच्या मध्ये स्वतःच्या अंदाजाने एक काल्पनिक फ्रेम घुसवून तो हालचाल गुळगुळीत दाखवतो. पण मधली फ्रेम बनवायची तर पुढची फ्रेम आधी हातात यायला हवी. म्हणजे टीव्हीला चित्र अडवून धरावंच लागतं. 60 हर्ट्झला एक फ्रेम सुमारे 16.7 मिलिसेकंदांची, म्हणजे तेवढा उशीर तर सक्तीचाच. त्यावर नॉइज रिडक्शन, शार्पनेस, रंग भडक करण्याचा हिशोब असं सगळं चढत जातं आणि स्वस्तातल्या टीव्हीवर हा उशीर सहज 100 मिलिसेकंदांच्या घरात जातो. सिनेमा बघताना कोणाला पत्ता लागत नाही, कारण टीव्ही आवाजही तेवढाच मागे ठेवतो. गेममध्ये मात्र बटण आपण आत्ता दाबतोय. टीव्हीतला गेम मोड ही सगळी प्रक्रिया कमी करून हा उशीर घटवतो.

100 मिलिसेकंद म्हणजे किती? ताशी 140 किलोमीटरने येणारा चेंडू सेकंदाच्या दहाव्या भागात सुमारे 3.9 मीटर कापतो. गेममधला बॉलर खऱ्या वेगाने टाकतोय असं धरलं, तर भाच्याला जो चेंडू नुकताच टप्पा पडताना दिसतो, तो कन्सोलच्या हिशोबात जवळजवळ बॅटपाशी आलेला असतो. पोरगं बोल्ड होणार नाही तर काय होणार?

कोणाच्या सांगण्यावर विश्वास ठेवायची गरज नाही, घरी मोजता येतं. फोनचा स्लो मोशन 240 फ्रेमवर ठेवायचा, एकाच चौकटीत अंगठा आणि स्क्रीन दोन्ही दिसतील असा फोन टेकवून ठेवायचा आणि बटण दाबायचं. मग व्हिडिओ एकेक फ्रेम पुढे सरकवत अंगठा खाली गेल्यापासून स्क्रीनवर बॅट हलेपर्यंतच्या फ्रेम मोजायच्या. एक फ्रेम म्हणजे साधारण 4 मिलिसेकंद. यात कन्सोलचा आणि गेमचा स्वतःचा उशीरही येतो, म्हणून नुसत्या आकड्याला अर्थ नाही, दोन सेटिंगमधला फरक बघायचा. भाच्याने तो बघितला: गेम मोडवर अंतर जवळजवळ निम्म्यावर आलं. त्यानंतर कंट्रोलरची तक्रार आलेली नाही.

आता ते ‘पॅनलवर ताण’. गेम मोड चित्रावरची प्रक्रिया कमी करतो. काम कमी केल्याने ताण वाढतो हे कुठलं शास्त्र? उलट व्हिव्हिड मोड बॅकलाइट पार वर नेऊन ठेवतो, आणि एलईडी टीव्हीत बऱ्याचदा जातात त्या बॅकलाइटच्या पट्ट्याच. गल्लीतल्या रिपेअरवाल्याला विचारा. आणखी एक: एचडीएमआयचं (कन्सोल टीव्हीला जोडतो त्या जोडणीचं) मानक ठरवणाऱ्या एचडीएमआय फोरमने 2017 च्या नोव्हेंबरमध्ये 2.1 आवृत्ती जाहीर केली, तिच्यात एएलएलएम नावाची सोय दिली आहे. तिचं काम एवढंच, की गेम सुरू झाला की कन्सोलने टीव्हीला निरोप द्यायचा आणि टीव्हीने आपणहून कमी उशिराच्या मोडवर जायचं. ज्या मोडने टीव्ही बिघडतो त्यावर आपोआप जाण्याची सोय मानकातच करून ठेवली, एवढी ही मंडळी खुळी आहेत का? फक्त पीएस4 असा निरोप पाठवत नाही, त्यामुळे तिथे गेम मोड हातानेच लावायचा. आणि ज्या इनपुटला कन्सोल जोडलाय त्याच इनपुटवर असताना लावायचा, कारण बऱ्याच टीव्हींत पिक्चर मोड प्रत्येक इनपुटसाठी वेगळा जपला जातो.

हेच मानक पहिल्या नियमालाही पुरतं. ‘खोक्यावर एचडीएमआय 2.1 आणि 120 हर्ट्झ लिहिलं असेल तरच घ्या, 60 हर्ट्झ म्हणजे कचरा.’ 2021 च्या डिसेंबरमध्ये टीएफटी सेंट्रल या मॉनिटर तपासणाऱ्या साइटने एचडीएमआयचे परवाने देणाऱ्या संस्थेलाच विचारलं, की हे 2.1 नेमकं कोणी लिहायचं? उत्तर आलं की 2.0 आता वेगळं धरलंच जात नाही, ते 2.1 मध्येच सामावलंय, आणि 2.1 मधल्या नव्या सोयी ऐच्छिक आहेत. कंपनीने कोणत्या सोयी दिल्यात ते सांगावं, एवढीच अपेक्षा. म्हणजे 4के ला 120 हर्ट्झ न घेणारा, व्हीआरआर (गेमच्या फ्रेमच्या वेगाप्रमाणे टीव्हीने आपला वेग बदलायची सोय) नसलेला 60 हर्ट्झचा टीव्हीही खोक्यावर राजरोस ‘2.1’ मिरवू शकतो. तेव्हा आवृत्ती विचारूच नका. ‘4के ला 120 घेतो का? व्हीआरआर आहे का? एएलएलएम आहे का?’ हे एकेक विचारा.

120 चंही तेच. ‘मोशन रेट 120’, ‘एमईएमसी 120’ हे आकडे पॅनलचे नसतात, बहुतेकदा वर सांगितलेल्या काल्पनिक फ्रेमचे असतात. तिसरा प्रकार डीएलजी. त्यात 60 हर्ट्झचं 4के पॅनल दोन-दोन ओळी एकदम रंगवून 120 गाठतं, आणि उभं रिझोल्यूशन निम्मं होतं. ही फसवणूक नाही, वेगवान गेमला उपयोगी पडते, पण 4के आणि 120 एकाच वेळी मिळत नाही हे दुकानात कोणी बोलत नाही. आणि मुळात पीएस4 ला या सगळ्याचं काय? तो 60 च्या वर सिग्नल देतच नाही. पीएस5 असेल किंवा पुढे घ्यायचा असेल, तर खऱ्या 120 च्या पॅनलला पैसे मोजण्यात अर्थ आहे. त्या बाबतीत फॉरवर्ड पाव भाग बरोबर, तेही योगायोगाने.

‘4के नसेल तर पीएस5 चालतच नाही.’ चालतो. 1080पी वर, म्हणजे फुल एचडीवर चालतो, नीट चालतो. साधा पीएस4 तर 1080पी च देतो, 4के वर चित्र ताणून भरायचं काम टीव्ही करतो. 43 इंचात आता बहुतेक मॉडेलं 4केच येतात, त्यामुळे तिथे वादच नाही. सांभाळायचं ते 32 इंचात. तिथला ‘एचडी रेडी’ म्हणजे सहसा 1366 बाय 768. कन्सोल देतो 720 किंवा 1080, दोन्ही त्या पॅनलला जुळत नाहीत, आणि स्कोअरबोर्डवरची बारीक अक्षरं गिचमिड होतात. गेमिंगला 32 इंची घ्यायचा तर फुल एचडी शोधा. हे त्या सात नियमांत कुठेही नाही.

‘किमान 2 जीबी रॅम, नाहीतर गेम हँग होतो.’ रॅम टीव्हीची, गेम कन्सोलमध्ये. टीव्ही फक्त दाखवतोय! बरं, 1 जीबीवाला स्मार्ट टीव्ही यूट्यूब उघडतानाही रडतो, आणि कोणी टीव्हीवरच अॅप टाकून गेम खेळणार असेल तर रॅम लागते, हे कबूल. पण फॉरवर्डमध्ये कन्सोलचा फोटो छापलाय, अॅपचा नाही.

केबल. ‘सोन्याचा मुलामा असलेली गेमिंग केबल लॅग (म्हणजे हाच उशीर) कमी करते.’ करत नाही. एचडीएमआयवरून डिजिटल सिग्नल जातो. केबलची क्षमता कमी पडली तर चित्र तुटतं, ठिपके येतात, स्क्रीन काळी होते, पण केबल महाग घेतल्याने बटण लवकर लागत नाही. सोनं गंजत नाही एवढं खरं, रत्नागिरीच्या खाऱ्या हवेत त्याचा उपयोगही असेल, पण तसला मुलामा साध्या स्वस्त केबललाही असतो. पीएस4 आणि पीएस5 दोन्हींच्या खोक्यात त्यांना पुरेशी केबल आलेलीच असते. जुना कन्सोल बिनखोक्याचा मिळाला म्हणून साडेतीन हजार? ताईने केबल परत केली, तेव्हा दुकानदाराने पैशांऐवजी क्रेडिट नोट हातावर ठेवली.

‘32 इंचाच्या वर 28 टक्के जीएसटी लागतो, म्हणून छोटाच घ्या.’ 22 सप्टेंबर 2025 पासून मोठ्या टीव्हीवरही 18 टक्केच आहे. फॉरवर्ड किती शिळा आहे ते यावरूनच कळतं.

राहिला शेवटचा: ‘सगळी पॅनलं चीनमधून येतात, मग बिनब्रँडचा असेंबल केलेला घ्या, निम्म्यात पडतो.’ पहिला अर्धा भाग बराचसा मान्य करावा लागतो. एलसीडी पॅनल बनवणारे मोजकेच, बीओई, टीसीएलची सीएसओटी, एचकेसी वगैरे, आणि नावाजलेले ब्रँडही त्यांच्याकडूनच घेतात. पण उशीर ठरतो तो मुख्यतः मागच्या बोर्डावर आणि त्यातल्या सॉफ्टवेअरवर, आणि ते प्रत्येकाचं वेगळं. असेंबल केलेल्या कित्येक सेटांत गेम मोड नसतोच, किंवा नावाला असतो आणि फक्त रंग बदलतो. तेव्हा दुकानात रिमोट हातात घ्या, इनपुट एचडीएमआयवर आणा, पिक्चर सेटिंगमध्ये गेम मोड दाखवायला सांगा. जमलं तर कन्सोलच सोबत न्या आणि गेम मोड चालू-बंद करून एक ओव्हर खेळून बघा. दुकानदार नाही म्हणाला तर शेजारी दुसरं दुकान असतंच.