ई३९ एम५: ताकद अंगात मुरलेली गाडी

काल पहाटे तीनेक तास ई३९ पिढीची बीएमडब्ल्यू एम५, म्हणजे ५ सिरीजचीच जास्त ताकदीची आवृत्ती, चालवली, आणि तेव्हापासून डोक्यात दुसरं काही नाही. पोस्ट लांब होणार आहे.

गाडी मित्राच्या मोठ्या भावाची, दादाची. कित्येक वर्षं जिवापाड जपलेली, गडद निळी. शेजारी त्याच पिढीची साधी ५ सिरीज उभी केली तर लांबून फरक कळणार नाही. जवळ जाऊन निरखावं लागतं. आरसे जरा वेगळे आहेत, चाकं १८ इंची, मागचे टायर पुढच्यापेक्षा रुंद, आणि वाकून बघितलं तर बंपरखाली सायलेन्सरची चार तोंडं. बोनेटवर फुगवटा नाही, डिकीवर मोठा पंख नाही. एखाद्या डॉक्टरांची नीटनेटकी गाडी असावी तशी दिसते.

आणि बोनेटखाली ४.९ लिटरचं व्ही८, म्हणजे आठ सिलिंडरचं इंजिन, ४०० हॉर्सपॉवर, ५०० न्यूटन मीटर टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर. ही १९९८ सालची गोष्ट आहे. शून्य ते शंभर ५.३ सेकंदांत, आणि वेग ताशी २५० किलोमीटरवर मुद्दाम बांधून ठेवलेला. गिअरबॉक्स सहा गिअरचा मॅन्युअल. ऑटोमॅटिक मिळतच नव्हता.

चावी फिरवल्यावर व्ही८ खोल आवाजात सुरू झालं आणि लगेच शांत झालं. मी निघायच्या घाईत होतो. दादा म्हणाला, "थांब. आधी दिवे बघ." आरपीएमच्या मीटरवर कडेने बारीक दिवे लागले होते, ४०००च्या आकड्यापासून वर लाल रेघेपर्यंत, म्हणजे इंजिनाच्या कमाल मर्यादेपर्यंत. ऑइल थंड असताना ते पेटलेले असतात. ऑइल तापेल तसा एकेक दिवा विझत जातो, म्हणजे तितकं वरपर्यंत जायची परवानगी मिळते. साध्या ५ सिरीजमध्ये जिथे पेट्रोलचा खप दाखवणारा काटा असतो, तिथे हिच्यात ऑइलचं तापमान दाखवणारा काटा आहे. मला ही दोन छोटी कामं अख्ख्या गाडीतली सर्वांत सुंदर वाटली. ज्यांनी हे बसवलं त्यांना ही गाडी कोण चालवणार आणि कशी जपणार याची पूर्ण कल्पना होती.

शेवटचा दिवा विझेपर्यंत मी तिसऱ्या-चौथ्या गिअरमध्ये आरामात चालवत होतो. क्लच जड नाही, खड्ड्यावरून गाडी आदळत नाही, सीट घरातल्या खुर्चीसारखी. मग रस्ता मोकळा मिळाला, तिसऱ्यातच ॲक्सिलरेटर दाबला आणि पोटात गोळा आला. टर्बोच्या गाडीत आधी क्षणभर काही होत नाही आणि मग एकदम ढकलल्यासारखं वाटतं, तसं इथे अजिबात नाही. आठ सिलिंडरना आठ वेगवेगळे थ्रॉटल, म्हणजे हवा आत सोडणाऱ्या झडपा, आहेत, त्यामुळे पाय जेवढा हलेल तेवढंच आणि तत्क्षणी इंजिन उत्तर देतं. ६६०० आरपीएमपर्यंत ताकद वाढतच राहते. आवाज येतो तो खऱ्या इंजिनाचा, स्पीकरमधून वाजवलेला नाही.

हे मुद्दाम लिहितोय. पुढे २०११ साली आलेल्या एम५मध्ये इंजिनाचा आवाज स्पीकरमधून वाढवून ऐकवायला सुरुवात झाली. आणि २०२४ची एम५? ७२७ हॉर्सपॉवर, १००० न्यूटन मीटर, सोबत बॅटरी आणि मोटर, वजन २.४ टनांच्या पुढे. ती ई३९ला सहज मागे टाकेल, यात शंका नाही. पण तिचे फुगलेले मडगार्ड रस्त्यावरच्या प्रत्येकाला सांगत असतात की आत काय आहे. मला ते नको आहे. ताकद माझ्या पायाखाली आहे हे मला कळलं की पुरे.

परत येताना काकूंना, म्हणजे दादाच्या आईला, घ्यायचं होतं. त्या मागे बसल्या आणि दहा मिनिटांत झोपल्या. सहाव्या गिअरमध्ये गाडी इतकी निवांत चालली होती. याच गाडीने अर्ध्या तासापूर्वी माझे तळहात घामाने ओले केले होते.

उणिवा आहेत. व्ही८मुळे पुढे रॅक-पिनियन स्टिअरिंगला, म्हणजे हल्ली सर्रास असणाऱ्या थेट दातेरी पट्टीच्या स्टिअरिंगला, जागा उरली नाही, म्हणून जुन्या पद्धतीचा रिसर्क्युलेटिंग बॉल स्टिअरिंग बॉक्स बसवला. सरळ जाताना स्टिअरिंग मधल्या मधे थोडं सैल वाटतं आणि वळणात पुढची चाकं काय करताहेत ते हाताला पुरेसं कळत नाही. गिअर लिव्हरचा पल्ला लांब आहे आणि पेट्रोलची भूक मोठी. स्टिअरिंगची तक्रार मी गांभीर्याने करतोय, कारण बाकी सगळं इतकं नेमकं असताना ती खटकते.

या जातीच्या गाड्यांत हिच्याआधीची मर्सिडीज ५०० ई मला फार आवडते. ५ लिटरचं व्ही८, ३२६ हॉर्सपॉवर, आणि दिसायला त्या पिढीची नेहमीची मर्सिडीज, डब्ल्यू१२४. तिचे मडगार्ड थोडे रुंद केले, तर गाडी मर्सिडीजच्या नेहमीच्या असेंब्ली लाइनमधून जाईना! मग काम पोर्शेकडे गेलं. मर्सिडीजचं झिंडेलफिंगेन ते पोर्शेचं झुफेनहाउझेन अशा कारखान्यांमध्ये फेऱ्या करत एकेक गाडी तयार व्हायला १८ दिवस लागायचे. आणि एवढं करून ती गाडी रस्त्यावर टॅक्सीच्या शेजारी उभी राहिली तरी वेगळी दिसायची नाही. मला या लोकांबद्दल मनापासून आदर वाटतो.

कुणाकडे ई३९ एम५ असेल आणि चालवायला मिळत असेल, तर जरूर चालवा. फक्त ते दिवे विझेपर्यंत ४००० ओलांडू नका.