‘एक वर्ष थांबायचं होतं’ म्हणणाऱ्या सरांना

सर, सुजलेल्या सांध्यांनी इंजिनिअरिंग प्रवेशाची सीईटी कशी दिली, हे मी लिहिलं होतं. त्यावरची तुमची प्रतिक्रिया काल रात्री वाचली. रागाच्या भरात लिहू नये असं आई म्हणते, म्हणून झोपले. सकाळी उठले तर राग जागेवरच होता. तेव्हा आता लिहिते.

आधी तुमचं बरोबर आहे ते. सीईटीला निगेटिव्ह मार्किंग नसतं. जेईईचा नियम मी सीईटीला चिकटवला होता, तो दुरुस्त केलाय. पण त्यावरून ‘बाळ, तू खरंच परीक्षा दिली होतीस ना?’ असं विचारायची काय गरज होती? मी 25 वर्षांची आहे आणि तुमची-माझी ओळखही नाही. तुम्ही 32 वर्षं शिकवलंत, त्याबद्दल आदर आहे. पण म्हणून दिसेल त्याला बाळ म्हणायचं? हॉल तिकीट अजून फाइलला आहे. मे 2018, सीईटी कागदावर झाली त्याचं शेवटचं वर्ष. दीडशे प्रश्न, दीडशे गोल, बॉलपेनने भरायचे.

आता ते वाक्य. ‘एवढं दुखत होतं तर एक वर्ष थांबायचं होतं.’

थांबून काय होणार होतं, सर? हा टायफॉइड नव्हे, की महिन्या-दीड महिन्यात उतरला. चौदाव्या वर्षी मला ज्युवेनाइल आर्थ्रायटिस, म्हणजे लहान वयातला संधिवात निघाला. यात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांवर उलटते. कधी चार महिने काही नाही, कधी रात्रीतून मनगट सुजून भाकरीएवढं. 2019 च्या मे महिन्यात ते सुजणार नाही, असं मला कोण लिहून देणार होतं? डॉक्टरांनी तर दिलं नसतं. तुम्ही दिलं असतंत?

शिवाय वर्ष थांबणं म्हणजे क्लासची फी परत. आम्ही धायरीला, क्लास सदाशिव पेठेत, तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. या आजारावरची मेथोट्रेक्सेटची गोळी आठवड्यातून एकदाच असते. मी ती शनिवारी रात्री घ्यायचे. रविवारी दिवसभर मळमळ, आणि टेस्ट सिरीज नेमकी रविवारी. डॉक्टरांना विचारून वार बदलला, बुधवार केला. मग गुरुवारची केमिस्ट्री बुडायला लागली. हे सगळं अजून एक वर्ष करायचं होतं का?

पेपर सकाळचा होता. या आजारात सकाळीच बोटं आखडतात, तास-दीड तास सुटत नाहीत. म्हणून पहाटे चारला उठून गरम पाण्याच्या बादलीत हात घालून बसले. कुर्त्याची बटणं आईने लावली, वेणीही तिनेच घातली. गणिताला 50 प्रश्न आणि 90 मिनिटं. गणितं मला येत होती, सर. पस्तिसाव्या प्रश्नाच्या आसपास पेन बोटांत राहीना, तेव्हा बालवाडीतल्या मुलासारखा मुठीत धरला. त्यानंतर जे सुटलं ते सुटलं, बाकी अंदाजाने गोल काळे केले. (हो, निगेटिव्ह मार्किंग नव्हतं म्हणून. बघा, तुमचा मुद्दा किती कामाचा आहे.)

जादा वेळ म्हणजे इतरांवर अन्याय, असंही तुम्ही म्हणता. लिहायला अडचण असलेल्या अपंग उमेदवारांना तासाला 20 मिनिटं जादा हा सरकारी नियम आहे, माझ्या घरी काढलेला नाही. मला तो लागू झाला नाही, कारण 40 टक्के अपंगत्वाचं प्रमाणपत्र माझ्याकडे नव्हतं. लेखनिक, म्हणजे आपण सांगू ते लिहिणारा, हवा असेल तर ही 40 टक्क्यांची अट लावता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी 2021 मध्ये विकास कुमार प्रकरणात सांगितलं. तो उमेदवार यूपीएससीचा होता, लिहिताना त्याचा हात आखडायचा. म्हणजे हा निकाल आला माझ्या पेपरनंतर जवळपास तीन वर्षांनी. इथेही मी थांबायला हवं होतं, असं म्हणू नका म्हणजे झालं.

खोटी प्रमाणपत्रं, क्लासवाल्यांचा धंदा, हल्लीच्या मुलांची सहनशक्ती हे तुमचे बाकीचे मुद्दे असतील बरोबर. त्यात मी पडत नाही.

राहता राहिलं ‘आमच्या सौ.लाही सांधेदुखी आहे, पण कधी तक्रार नाही’. काकूंना एकदा विचारून बघा, सकाळी त्यांची बोटं किती वाजता सुटतात. आणि तोवरचा चहा तुम्ही करा.