अध्यक्ष नामधारी का? : खारघरकरांना उत्तर

खारघरकर, सविस्तर लिहिलंत, बरं वाटलं. टोमणेही पोचले. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: खुल्या सोर्सची सॉफ्टवेअर सांभाळणाऱ्या अपाचे फाउंडेशनच्या प्रकल्प समितीचा अध्यक्ष नुसता शोभेचा. सोसायटीच्या चेअरमनला समसमान मतं पडल्यावर निर्णायक मत तरी असतं, याला तेही नाही. शेवटचा शब्द कुणाचा हेच ठरलेलं नसेल, तर प्रकल्प भरकटणारच.

निर्णायक मत नाही, खरंय. पण ते लागणार कुठे? कोडमधल्या बदलावर वाद झाला तर तिथे डोकी मोजतच नाहीत. ज्याच्या मताला वजन आहे अशा एकानेही तांत्रिक कारण देऊन -1, म्हणजे नकार, दिला की बदल अडला. कारण नसेल तर तो नकार धरत नाहीत. रिलीजला, म्हणजे नवी आवृत्ती बाहेर काढायला, असा नकाराधिकार नाही. समितीतल्या किमान तिघांचे +1, म्हणजे होकार, हवेत आणि ते -1 पेक्षा जास्त हवेत. बरोबरी झाली तर रिलीज होत नाही, विषय संपला. आणि तो +1 असा सहज टाकायचा नसतो: सोर्सचं पॅकेज उतरवायचं, डिजिटल सही आणि चेकसम (फाइल बदललेली नाही हे दाखवणारा आकडा) जुळवायचे, आपल्या मशीनवर बिल्ड करायचं, मग मत. त्यासाठी साधारण 72 तास देतात, कारण ठाण्यात दुपार असते तेव्हा कॅलिफोर्नियात माणसं झोपलेली असतात. या सगळ्यात अध्यक्षाचं मत एकच.

मग तो कशाला? त्याला नेमतं फाउंडेशनचं बोर्ड, आणि बदलतंही बोर्डच. कागदोपत्री तो त्या प्रकल्पापुरता फाउंडेशनचा उपाध्यक्ष. दर तिमाहीला अहवाल द्यायचा: रिलीज कधी झालं, नवे कमिटर (थेट कोड बदलायचा हक्क असलेले) कोण, भांडण कुठे पेटलंय. तिथले लोक त्याला बोर्डाचे डोळे आणि कान म्हणतात.

शेवटचा शब्द त्याला दिला असता तर काय झालं असतं, बघा. ऐरोलीतल्या एखाद्या कंपनीने त्याला दुप्पट पगारावर उचललं की सगळा प्रकल्प तिच्या खिशात. आज तसं करायचं तर अख्खी समिती विकत घ्यावी लागेल, आणि ते लपणार नाही.

शेवटचा शब्द एकाच माणसाचा, म्हणून तुम्ही पायथॉन या प्रोग्रॅमिंग भाषेचं उदाहरण दिलंत, पण ते तुमच्यावरच उलटतं. पेप 572 या भाषेतल्या बदलाच्या प्रस्तावावरच्या वादाला कंटाळून पायथॉनचे जनक गुइडो व्हॅन रॉसम यांनी जुलै 2018 मध्ये शेवटचा शब्द स्वतःहून सोडला. पुढे पाच जणांची निवडून आलेली परिषद आली, आणि तिच्यात एकाच कंपनीचे दोनपेक्षा जास्त लोक चालत नाहीत. कारण वर आलंच आहे.

एक मात्र मान्य. आळशी अध्यक्ष मिळाला तर अहवाल रखडतात आणि प्रकल्प निपचित पडल्याचं उशिरा कळतं. मतदानापुरते तिघंही उरले नाहीत तर प्रकल्पाची रवानगी 'अ‍ॅटिक'मध्ये, म्हणजे माळ्यावर. तुम्ही ऑफिसात अपाचेचंच काफ्का हे सॉफ्टवेअर वापरता ना? बोर्डाची इतिवृत्तं खुली असतात. त्यातला काफ्काचा ताजा अहवाल काढा आणि शेवटचा कमिटर कधी घेतला तेवढं बघा.