हिरवी वायर तोडा म्हणणाऱ्याच्या दारात पाऊस पडत नाही वाटतं

मामांनी रिटायर झाल्यावर एक जुनी ट्रॅव्हलर व्हॅन घेतली. आत दोन बेड, बारका फ्रिज, पंखे आणि सीटखाली 150 ॲम्पियर-अवरची बॅटरी. सौंदत्तीची यात्रा, गणपतीपुळे असं दोघं फिरतात; एरवी गाडी खानापुरात दारात उभी असते आणि स्वयंपाकघराच्या खिडकीतून सोडलेल्या एक्स्टेन्शनवर तिचा चार्जर चालतो. परवा रविवारी बेळगावहून गेलो तर मामी म्हणाल्या, "गाडीच्या दाराला हात लावला की झिणझिण्या येतात रे." मामा म्हणाले, "येऊ देत की. चार्जर चालू झाला ना!" आणि मोबाईल पुढे केला.

निपाणीपासून खानापूरपर्यंत सगळ्या ग्रुपवर फिरणारा तोच मेसेज. "गाडीतला बॅटरी चार्जर बंद पडला? मेकॅनिकला पैसे देऊ नका." खाली पाच उपाय: बोर्डातला स्विच सारखा पडत असेल तर हिरवी वायर तोडा, फ्यूज उडत असेल तर जाड तार घाला, चार्जरच्या वायरी घासून ठिणगी येते का बघा, मीटरवर 14.4 व्होल्ट दिसत नसतील तर चार्जर गेला. बॅटरीत ॲसिड भरा.

मामांनी पहिला उपाय करून टाकला होता. खिडकीतल्या थ्री-पिनमध्ये हिरव्या वायरीचं टोक कापून त्यावर काळी टेप. मी टेस्टर दाराच्या हँडलला लावला, तो पेटला. मल्टिमीटर पत्रा आणि ओली जमीन यांच्यात धरला, तर 180 व्होल्ट. आणि मामी अनवाणी पायांनी त्याच दारातून चादरी काढत होत्या.

आता नीट ऐका. हिरवी वायर, म्हणजे अर्थची, तोडल्यावर आरसीसीबी, म्हणजे बोर्डातला गळती पकडणारा तो स्विच, पडायची थांबते, हे खरं आहे. म्हणूनच हा मेसेज पटतो. पण ती पडत होती कारण करंट कुठेतरी गळत होता आणि हिरव्या वायरीवाटे जमिनीत जात होता. वायर तोडली म्हणून गळती थांबत नाही, फक्त तिची वाट बंद होते. गाडी रबरी टायरांवर उभी, म्हणजे अख्खा पत्रा वीज धरून बसतो आणि हात लावणाऱ्या माणसाची वाट बघतो. घरातली आरसीसीबी 30 मिलिॲम्पियरला पडते. दहा-पंधरा मिलिॲम्पियरलाच मुठीचे स्नायू आखडतात, धरलेलं सुटत नाही, आणि तेवढ्यावर ती आरसीसीबी हलतही नाही.

थ्री-पिनची वरची पिन नीट बघा. ती जाड आणि लांब असते, म्हणजे प्लग घालताना आधी अर्थ लागतो आणि काढताना शेवटी सुटतो. उगाच केलेलं नाही ते. राहण्याच्या गाड्यांच्या वायरिंगसाठी आंतरराष्ट्रीय मानकात वेगळा भागच आहे, आयईसी 60364-7-721. त्यात गाडीचा पत्रा अर्थला जोडणं आणि 30 मिलिॲम्पियरचं संरक्षण, दोन्ही आहे. मेसेजवाल्याने कुठल्या मानकात काय वाचलं, ते त्यालाच ठाऊक. "काही चार्जरना अर्थची पिनच नसते की," असं मामा म्हणाले. बरोबर आहे. चौकोनात चौकोन अशी खूण असलेल्या दुहेरी इन्सुलेशनच्या चार्जरना ती लागत नाही. मामांच्या चार्जरला लोखंडी डबा आहे, खूण नाही.

बाकीचे उपाय पटकन. फ्यूज किती ॲम्पियरचा घालायचा ते त्याच्या पुढच्या वायरीच्या जाडीवरून ठरतं; जाड तार घातली की फ्यूजऐवजी वायर जळते, आणि शॉर्ट झालेली बॅटरी शेकडो ॲम्पियर ओतते. ठिणगीचा खेळ तर बॅटरीजवळ नकोच. चार्जिंग होताना हायड्रोजन निघतो आणि हवेत 4 टक्के झाला की पेट घेतो. शिवाय बरेच नवे चार्जर बॅटरी जोडल्याशिवाय व्होल्टेज सोडतच नाहीत, म्हणजे चांगल्या चार्जरलाही ठिणगी येणार नाही. 14.4 चं म्हणाल तर लेड-ॲसिड बॅटरी भरत आल्यावर चार्जर स्वतःच साडेतेरावर उतरतो. तो बिघाड नव्हे. बॅटरीतलं उडतं ते पाणी. ॲसिड आतच राहतं, म्हणून भरायचं ते डिस्टिल्ड वॉटर. मेसेजच्या शेवटी "टर्मिनल साफ करा" असं एक वाक्य आहे, तेवढं मान्य. बॅटरीच्या वायरी काढून, गरम पाण्यात खायचा सोडा घालून ब्रशने घासा, सुकवा, नट आवळा. बऱ्याच तक्रारी तिथेच मिटतात.

मामांचा चार्जर? मी हिरवी वायर परत जोडली, गाडीतून चार्जरचा प्लग काढला आणि एक्स्टेन्शन तेवढं चालू केलं. आरसीसीबी पडली. म्हणजे चार्जर जागेवरच नसताना. मग वायर धरून खिडकीपासून चालत गेलो. तुळशीच्या मागे, पागोळ्यांखाली, जिथे मामांनी मे महिन्यात दोन वायरींना जोड दिला होता, तिथे टेपची गुंडाळी चिखलात बुडालेली. सोडवली तर आतून पाणी गळलं. त्या पाण्यातूनच करंट हिरव्या वायरीत आणि तिच्यावाटे पत्र्यावर जात होता.

मामांनी ती हातात घेऊन बघितली आणि म्हणाले, "मग त्या मेसेजला काय उत्तर लिहू?" म्हटलं, आधी मामींना चप्पल घालायला सांगा, मग नवी अखंड वायर आणूया.