बातूर 'सोपा' आहे, पण...

बालीवरच्या लेखात तिथल्या बातूर ज्वालामुखीचा ट्रेक 'सोपा, कोणालाही जमेल असा' म्हटलाय. मागच्या वर्षी आम्ही दोघं जाऊन आलो, म्हणून लिहितोय. उंची १७१७ मीटर, चढायला दोनेक तास. दर रविवारी सिंहगड करणाऱ्यांना दम लागणार नाही. पण सिंहगडाला पायऱ्या आणि घट्ट दगड आहेत, इथे वरच्या टप्प्यात नुसती काळी भुसभुशीत राख आणि खडी. एक पाऊल वर, अर्धं खाली. शिवाय सूर्योदय वरून बघायचा म्हणून सगळं काळोखात. आम्हाला दिलेला हेडटॉर्च अर्ध्या वाटेत मान टाकून बसला, मग मोबाइलच्या उजेडात चढलो. स्वतःचा न्या, आणि जाडसर जॅकेटही. बाली म्हणजे उकाडा असं समजून बायको पातळ विंडचीटरवर आली, वर कुडकुडत होती.

सूर्योदय सुंदर दिसतो असं लेखकाने लिहिलंय, ते खरंच आहे. समोर अबांगचा डोंगर, त्याच्या मागे अगुंगचा, खाली तळं. पण मला जास्त आवडली ती खडकातल्या फटीतून येणारी वाफ. गाइडने त्यात अंडी उकडून दिली. हात धरला तर चटका बसतो! आपला सिंहगडही लाव्हाचाच, पण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थंड झालेला. इथला शेवटचा उद्रेक २००० सालचा.

उतरताना गुडघे बोलतात, काठी घ्याच. आणि हो, वरच्या माकडांपासून पिशवी सांभाळा, सिंहगडाची सवय असेलच म्हणा.