तुळशीच्या लग्नाची वाट बघू नका, कुंडी आधीच आत घ्या

दर ऑक्टोबरला इथल्या, म्हणजे अमेरिकेतल्या, मराठी ग्रुपांवर तोच मेसेज फिरायला लागतो. तुळशीचं लग्न लागलं की मगच कुंडी घरात घ्या, तुळस कढीपत्ता पुदिना सगळंच आत आणा, हीटरजवळ उबेला ठेवा, रोज पाणी घाला, अधूनमधून दूधपाणी द्या आणि पानं गळली की झाड गेलं समजा. लोक चांगल्या मनाने पाठवतात पण यातलं जवळपास सगळंच झाडांच्या मुळावर येतं, म्हणून एकेक मुद्दा घेते.

पहिलं लग्नाचंच. कार्तिकी द्वादशी २०२३ मध्ये २४ नोव्हेंबरला होती, २०२५ मध्ये २ नोव्हेंबरला, आणि न्यू जर्सीत शहरापासून जरा आत राहत असाल तर ऑक्टोबरच्या मध्यानंतर कधीही फ्रॉस्ट, म्हणजे पानांवर गोठणारं हिम, पडतो. तुळस उष्ण हवेतली, रात्रीचं तापमान ५० फॅरनहाइटच्या, म्हणजे आपल्या १० सेल्सियसच्या, खाली जायला लागलं की ती कुरकुरायला लागते, आणि एक फ्रॉस्ट बसला की सकाळी पानं काळी पडून लोंबताना दिसतात, मग काही करता येत नाही. त्यामुळे सप्टेंबरअखेर रोज रात्रीचा आकडा बघा आणि ५० दिसायला लागले की आत घ्या. लग्न हॉलमध्ये लावा, ऊस-बोरं-आवळे तिथेही मांडता येतात.

सगळंच आत आणा हे तर साफ चूक. पुदिन्याला थंडी चालते, वरचं सगळं वाळून जातं पण जमिनीखालचे धुमारे बर्फाखालीही जिवंत राहतात आणि मार्च-एप्रिलमध्ये फुटतात. उलट गरम घरात तो लांबुळका, फिकट होतो. कुंडी लहान असेल तर भिंतीच्या आडोशाला सरकवा किंवा जमिनीत पुरून ठेवा, बस्स. गवती चहा मात्र आत हवा, पाती वीतभर ठेवून कापायची आणि पाणी अगदी कमी.

आता हीटर. हा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा आहे, कारण घरात उबेची कमी नसतेच, कमी पडतो तो उजेड. डिसेंबरच्या शेवटी न्यू जर्सीत दिवस साधारण सव्वानऊ तासांचा, पुण्यात तेव्हाही जवळपास ११ तासांचा असतो, शिवाय काचेतून येणारा उजेड अंगणातल्यापेक्षा खूपच कमी. म्हणून कुंडी दक्षिणेच्या खिडकीत ठेवा, आणि तुळशीला त्यावरही साधा एलईडी ग्रो लाइट, म्हणजे झाडांसाठीचा दिवा, लावा, शेंड्याच्या वर फूटभर अंतरावर, दिवसाचे १२-१४ तास. हीटरच्या झोताने हवा कोरडी पडते आणि कोरड्या हवेत लाल कोळी, म्हणजे पानांचा रस शोषणारी बारीक कीड, फोफावतो. पान उलटं करून उजेडात धरा, बारीक जाळी आणि टाचणीच्या टोकाएवढे हलणारे ठिपके दिसले तर तो कोळीच. घरात त्याला खाणारे किडे नसतात, पाऊस नसतो, त्यामुळे आत आणायच्या आधीच पानं खालून-वरून पाण्याच्या धारेने धुवा आणि मावा, पांढरी माशी दिसली तर साबणाचं पातळ पाणी फवारा.

रोज पाणी तर अजिबात नको. उजेड कमी म्हणजे वाढ कमी, म्हणजे पाणीही कमी लागतं, आणि ओल्या मातीत मुळं सडतात. बोट पेरभर मातीत घाला, कोरडं लागलं तरच पाणी. दूधपाण्याने मातीला वास येतो, चिलटं होतात, झाडाला काही मिळत नाही.

राहिला कढीपत्ता. थंडीत तो झोपतो, पानं पिवळी पडून गळतात, कधीकधी नुसती काठी उरते, आणि इथेच लोक घाबरून एकतर पाणी ओततात नाहीतर कुंडी कचऱ्यात टाकतात, इतकी वर्षं जपलेलं झाड असं गेलेलं बघून खरंच वाईट वाटतं. खोडाची साल नखाने किंचित खरवडा, आत हिरवं दिसलं की झाड जिवंत आहे. मार्चपर्यंत खत बंद, पाणी फारच थोडं. तुळशीच्या मंजिऱ्या मात्र येतील तशा खुडत राहा, बी धरलं की ती लवकर म्हातारी होते, फक्त एक-दोन मंजिऱ्या वाळू द्या आणि ते बी फेब्रुवारीअखेर दुसऱ्या कुंडीत पेरा, म्हणजे मूळ रोप गेलंच तरी मे महिन्यात बाहेर ठेवायला नवी तुळस तयार असेल.